जांभळ्याला कारण हवं

नवस बोलताना माणसाने हात जरा आखडता ठेवावा, हे लामदुआनला ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्या नोंग तानमध्ये हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. शंभर उकडलेली अंडी बोललात तर नव्याण्णव चालत नाहीत. कालव्याच्या तोंडाशी लाल देवळीत आमचा गावराखा देव बसतो, त्याला सगळे चाओफो म्हणतात. त्या चाओफोला सिनेमा बोललात तर सिनेमाच दाखवावा लागतो, पडदा देवळीकडे तोंड करून, आणि जो बोललात तोच. नंतर जाऊन ‘तो मिळाला नाही, त्याच्यासारखाच दुसरा आणलाय’ असं सांगून भागत नाही. देव काही कापडाच्या दुकानातलं गिऱ्हाईक नव्हे.

पण त्या एप्रिलच्या सकाळी तिचा एकुलता एक वीरा शाळेच्या पटांगणात सैन्यभरतीच्या रांगेत उभा होता. मडक्यात हात घालायचा. काळी चिठ्ठी आली तर घरी, लाल आली तर दोन वर्षं बराकीत. वीराच्या पुढच्या सातांपैकी पाचांना काळी आली, तेव्हा आता आत सगळ्या लालच उरल्या असणार असं लामदुआनने ठरवलं, डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत म्हणाली, “चाओफो, काळी काढून द्या. तुम्हाला ‘तहानलेला ग्रह’ दाखवीन. भाग दुसरा!”

भाग दुसराच का, हे तिला त्या क्षणी कोणी विचारलं नाही. देवानेही नाही. वीराने हात वर केला. चिठ्ठी काळी होती.

पहिला भाग गावाला पाठ होता. आदल्याच वर्षी चमोयच्या मुलाला काळी चिठ्ठी आली म्हणून तिने तो चाओफोला दाखवला होता. चमोय म्हणजे बाजारातली लामदुआनची शेजारीण. चमोय निखाऱ्यावर केळी भाजते, लामदुआन खनोम क्रोक करते, नारळाच्या दुधातले गोड आप्पे. दोघींच्या गाड्यांमध्ये एक छत्री आणि दहा वर्षं, एवढंच अंतर. बाजारात दोघींनाही सगळे ‘पा’ म्हणतात, पा लामदुआन, पा चमोय. पा म्हणजे मावशी.

आता त्या पहिल्या भागाला गळा लामदुआनचाच होता, हे इथे सांगितलं पाहिजे. तेव्हाची रीत अशी, की परक्या भाषेतला सिनेमा आला की प्रोजेक्टरशेजारी तंबूत कोणीतरी माइक धरून बसायचं आणि पडद्यावरच्या सगळ्यांचं बोलणं जागच्या जागी आपल्या भाषेत बोलायचं. लामदुआनने हे काम वीस वर्षं केलं होतं. नायक, नायिका, नायिकेची आई, कुत्रा, वादळ, सगळं एकाच गळ्यातून; गाव तिला ‘सहा तोंडांची लामदुआन’ म्हणायचं. प्रसंगी गावातल्या सावकाराचं नाव खलनायकाच्या यादीत घुसडायचं, नायिकेला आमच्याच बाजारातली भाजी घ्यायला लावायची, हेही त्यात आलं; लोक त्याचीच वाट बघायचे. पुढे आयते आवाज भरलेली रिळं आली, तंबू उठला आणि लामदुआन आप्प्यांच्या साच्यामागे येऊन बसली. चमोयच्या नवसासाठी तिने एका संध्याकाळपुरता गळा पुन्हा उघडला होता.

आणि काय संध्याकाळ होती ती! पहिल्या भागातला खलनायक हिरव्या चेहऱ्याचा होता. त्याच्या ग्रहावरचं पाणी आटलेलं, त्याची लहान मुलगी सकाळचं दव दगडावरून चाटते, म्हणून तो लांबच लांब नळी घेऊन पृथ्वीवरचे समुद्र शोषायला येतो. गाव त्याला ‘हिरवेकाका’ म्हणू लागलं. नळी समुद्रात पडली तेव्हा अर्धे लोक ओरडले, “घेऊ दे रे थोडं! एवढं पडलंय!” नायकाने नळी कापली तेव्हा त्याच्यावर शेंगांची टरफलं उडाली. दुसऱ्या दिवशी जो तो म्हणत होता, “चमोयचा सिनेमा काय झाला!” महिनाभर लोक केळी घ्यायला आले की तिला ‘सिनेमावाली चमोय’ म्हणत. आवाजाचं नाव कोणी काढलं नाही.

लामदुआनला याचं काही वाटलं नाही. मला याचं काही वाटलं नाही, हे तिने स्वतः आठ-दहा जणांना सांगितलं.

तर भाग दुसरा. सिनेमाच्या गाडीचा मालक सनान, तिचा जुना साथीदार, डोकं खाजवत म्हणाला, “पा, हा दुसरा भाग कोणी बघितलाय का?”

“चांगलाच असणार. पहिल्यानंतरचा आहे ना?”

“म्हणूनच विचारतो,” सनान म्हणाला. पण त्याने नाखोन सावन शहरातल्या एका गोदामातून पाच रिळं शोधून आणली, आणि रिळांबरोबर टंकलेल्या संवादांचे चार कागद. चार कागदांत सगळा सिनेमा! पहिल्याचे छत्तीस होते. या वेळी खलनायक हिरवेकाकांचा धाकटा भाऊ होता, जांभळ्या चेहऱ्याचा. त्याच्या वाट्याला एकोणीस वाक्यं होती आणि त्यातली अकरा नुसती ‘हा हा हा’ होती. उरलेल्या आठांत तो ‘मी सगळं नष्ट करीन’ हेच फिरवून फिरवून म्हणत होता.

मग परवानगी. कर्णे लावायचे तर तालुका कचेरीतून कागद लागतो. कारकून खुन निफोन, म्हणजे आपले निफोनसाहेब, फार व्यवस्थित माणूस; त्याच्या टेबलावरच्या टाचण्यासुद्धा एकाच दिशेला तोंड करून पडलेल्या असत. त्याने अर्ज वाचला आणि चष्मा काढला.

“पा, प्रेक्षकसंख्या एक?”

“नवसाचा सिनेमा आहे. बघणार देव. बाकीचे मागे उभे राहतात, त्यांना बोलावलेलं नसतं.”

“एका माणसासाठी चार कर्णे?”

“माणूस नाही ना तो.”

निफोनने थोडा विचार केला, संख्येपुढे ‘अंदाजे’ असा शब्द लिहिला आणि शिक्का मारला.

ठरल्या संध्याकाळी देवळीसमोर पडदा लागला. पहिल्या रांगेत एकच खुर्ची, रिकामी, तिच्यावर लाल सरबताची बाटली, नळी घातलेली. तिच्या मागे बिनबोलावलेलं सगळं गाव. लामदुआनने गळ्याला आल्याचा रस लावला, माइकवर फुंकर मारली आणि सुरुवात केली.

पहिलं रीळ बरं गेलं. दुसऱ्या रिळात जांभळा आला, उंच कड्यावर उभा राहिला आणि म्हणाला, “मी सूर्य विझवीन! हा हा हा!”

मागून एका म्हातारीचा आवाज आला, “अरे पण का?”

लोक हसले. लामदुआनने कागद उलटसुलट केला. पुढे लिहिलं होतं, ‘हा हा हा.’ ती तसं हसली. तिसऱ्या रिळात त्याने चंद्र फोडला. म्हातारी पुन्हा म्हणाली, “अगं, पण त्या चंद्राने याचं काय केलं होतं?” चौथ्या रिळापर्यंत अर्धे लोक सुकवलेले माकूळ मासे भाजणाऱ्या गाडीकडे गेले होते आणि उरलेले अर्धे जांभळ्याने तोंड उघडलं की एका सुरात “का?” असं विचारत होते. वीस वर्षांत लामदुआनच्या आवाजावर कोणी माकूळ खायला उठून गेलं नव्हतं.

सिनेमा संपल्यावर देवळीचा राखणदार लुंग हेंग, म्हणजे हेंगकाका, पुढे आला. वय सत्तरीचं, अंगात बंडी, चेहऱ्यावर देवाशी रोजची ओळख असल्याचा थाट. त्याने अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन लाकडी फोडी हातात घेतल्या. एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर. जमिनीवर टाकायच्या, एक सपाट, एक फुगीर वर आली की देवाचा होकार. दोन्ही फुगीर म्हणजे नकार. दोन्ही सपाट म्हणजे देव हसतोय. लागोपाठ तीन होकार आले की नवस फिटला.

त्याने फोडी टाकल्या. दोन्ही सपाट. पुन्हा टाकल्या. दोन्ही सपाट. तिसऱ्यांदाही तेच.

“हसतोय,” लुंग हेंग म्हणाला.

“कोणाला?” लामदुआनने विचारलं. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

“ते तो सांगत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळपासून गाड्यासमोर सल्ल्यांची रीघ लागली. सरबत कोमट होतं. नळी वाकडी होती. खुर्ची प्लास्टिकची होती, लाकडी हवी होती. पडदा चार बोटं दक्षिणेकडे कलला होता. एकजण म्हणाला, चाओफोला डावीकडच्या कर्ण्याचा त्रास होतो, माझ्या वडिलांच्या नवसाच्या वेळीही झाला होता. एका बाईने सुचवलं की देवाला झोप लागली असावी आणि झोपेत माणूस हसतो तसा तो हसला. चमोयने केळं उलटत म्हटलं, “माझ्या वेळी पहिल्याच फेकीला होकार आला होता.” तिने हे वाईट मनाने म्हटलं नव्हतं. चमोयचं कुठलंच बोलणं वाईट मनाचं नसतं, म्हणूनच ते विसरता येत नाही.

आणि त्याच दुपारी पोस्टमन पत्र घेऊन आला. भरती कचेरीचं. वीराने सोमवारी सकाळी नऊ वाजता आपल्या भरतीच्या सर्व कागदांसह हजर राहावे. खाली सही. कशासाठी, याबद्दल एक अक्षर नाही.

लामदुआनच्या हातातला आप्पे उलटायचा चमचा खाली पडला. नवस फिटला नाही, देव हसला आणि आता चिठ्ठी परत मागवतायत! शाळामास्तरांनी पत्र चारदा वाचलं आणि म्हणाले, “काही लिहिलेलं नाही, हेच वाईट.” कोणाच्या तरी मामेभावाला असंच बोलावून बराकीत पाठवल्याची गोष्ट एकाने सांगितली, संध्याकाळपर्यंत त्या मामेभावांची संख्या पाच झाली होती. वीरा एकटाच शांतपणे आप्पे खात होता.

“आई,” तो म्हणाला, “तो जांभळा खरंच सूर्य का विझवत होता गं?”

“तुला आत्ता हे सुचतंय? सोमवारी तुला धरून नेतील!”

“नाही, पण रात्रभर डोक्यात तेच होतं. सूर्य विझला तर त्यालाही थंडी वाजणारच की.”

लामदुआन त्याला फटकारणार होती, पण थांबली. खरंच की. तिने त्या जांभळ्याच्या घशात दोन तास स्वतःचा आवाज ओतला होता आणि त्याला काय हवंय, हे तिला स्वतःलाच कळलं नव्हतं. हिरवेकाका बोलताना तिचा घसा आपोआप कोरडा पडायचा. जांभळा बोलताना काहीच व्हायचं नाही. देव तिच्या आवाजाला हसला नव्हता. तो ज्याच्या आवाजाला हसला त्याच्या आत कोणी नव्हतंच. हे सुचल्यावर तिला आधी बरं वाटलं, मग कुतूहल वाटलं, आणि कुतूहल एकदा लामदुआनच्या मागे लागलं की आप्पे करपतात.

ती सनानकडे गेली. तो गाडीखाली पाठीवर पडून काहीतरी आवळत होता.

“सनान, दुसऱ्या भागातला खलनायक असा पोकळ का असतो रे?”

“सगळ्यांचाच असतो, पा,” गाडीखालून उत्तर आलं. “तीस वर्षं रिळं फिरवतोय. पहिल्या भागात त्यांच्याकडे एक दुखणं असतं, त्यातून वाईट माणूस निघतो. दुसऱ्या भागात लढाई आधीच ठरलेली असते, पोस्टर छापून झालेलं असतं, मग लढायला कोणीतरी उभा करायचा. पहिल्याने एक गाव बुडवलं तर दुसऱ्याने सूर्य विझवायचा. पाना दे जरा. तो नव्हे, मोठा.”

पुन्हा परवानगी काढायला ती खुन निफोनकडे गेली.

“पुन्हा तोच सिनेमा? कारण?”

“देव हसला.”

“हा परिणाम झाला, पा. या रकान्यात कारण लागतं.”

“आणि रकाना कोरा ठेवला तर?”

“तर अर्ज पुढे सरकत नाही. या तालुक्यात कारणाशिवाय कर्णा वाजत नाही.”

“मग भरतीच्या कचेरीने वीराला कारण न लिहिता कसं बोलावलं?”

निफोनने छताकडे पाहिलं. “तो वरचा मजला आहे. आम्ही त्यांना काही विचारत नाही.”

लामदुआन टेबलासमोर तशीच उभी राहिली. एक कर्णा वाजवायला कारण लागतं, आणि तो मेला सूर्य विझवायला निघाला तेव्हा त्याला कोणी साधा अर्ज भरायला लावला नाही! तिने निफोनकडे एक कोरा अर्ज जास्तीचा मागितला.

घरी येऊन तिने तो जांभळ्याच्या नावाने भरायला घेतला. अर्जदाराचे नाव: जांभळा. पत्ता: दूरचा ग्रह, थोरल्या भावाच्या शेजारी. कामाचे स्वरूप: सूर्य विझवणे. कालावधी: कायमचा. कारण: इथे पेन्सिल थांबली.

तिने अर्ज गाड्यावर खिळ्याला टांगला. येणाऱ्याजाणाऱ्याने त्यात डोकं घातलं. बायको पळाली असेल. जमिनीचा वाद असेल. मास्तर म्हणाले, बालपण पाहिलं पाहिजे. चमोय म्हणाली, “पोट साफ होत नसेल त्याचं. आमच्या ह्यांचं तसं झालं की ते पण सूर्यावर ओरडतात.” लामदुआनने प्रत्येक कारण पेन्सिलीने लिहून बघितलं, त्या आवाजात म्हणून बघितलं आणि खोडून टाकलं. रकान्याला भोक पडायची वेळ आली.

शेवटी शुक्रवारी ती आप्प्यांचा द्रोण घेऊन लुंग हेंगकडे गेली. आता नोंग तानमध्ये खरा खलनायक म्हणावा असा एकच माणूस होऊन गेला होता, तो म्हणजे हाच. पंचवीस वर्षांपूर्वी लुंग हेंगने कालव्याच्या तोंडाशी बांध घालून खालच्या अंगाच्या शेतांचं पाणी अख्खा हंगाम अडवलं होतं. कोणी म्हणे निवडणुकीपायी, कोणी म्हणे गिरणीवाल्याने पढवलं. पुढे त्याने स्वतःच बांध फोडला आणि त्याच जागी देवळी राखायला बसला. कारण त्याला कोणी तोंडावर विचारलं नव्हतं.

“लुंग, रागावू नका. तुम्ही तेव्हा पाणी का अडवलंत?”

म्हाताऱ्याने दोन आप्पे शांतपणे खाल्ले.

“जावयाचं शेत खालच्या अंगाला होतं,” तो म्हणाला. “लग्नात त्याने मला तिसऱ्या रांगेत बसवलं.”

“एवढंच?”

“एवढंच म्हणू नकोस. पहिल्या रांगेत त्याचा तांदळाचा व्यापारी होता. मुलीला मी वाढवलं, मांडव मी घातला, आणि मी तिसऱ्या रांगेत, खांबामागे. मला मुलीची फक्त पाठ दिसली.” त्याने बोटं बंडीला पुसली. “आणि ऐक, वाईटपणा सोपा नसतो गं. बांध राखायला चिखलात उभं राहावं लागतं, डास चावतात. कारण नसतं ना, तर मी दुसऱ्या दिवशीच घरी जाऊन झोपलो असतो. तुझा तो जांभळा कोणासाठी जागा राहत होता, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. देवालाही कळलं नसेल.”

लामदुआन कालव्याच्या कडेने परत निघाली. तिसरी रांग. खांबामागे. मांडव मी घातला. वाटेत तिने ते शब्द जांभळ्याच्या आवाजात म्हणून बघितले, आणि या वेळी तो आवाज पोकळ निघाला नाही. बाजारात पोचल्यावर तिने खिळ्यावरचा अर्ज काढला, चमोयकडे पाठ केली आणि कारणाच्या रकान्यात दोन ओळी लिहिल्या. नंतर त्या खोडल्या नाहीत. स्वतःच्या अर्जात तिने लिहिलं, ‘खलनायकाचे कारण सापडले म्हणून.’ खुन निफोनने ते दोनदा वाचलं आणि प्रथमच मान डोलवून शिक्का मारला.

शनिवारी संध्याकाळी पुन्हा पडदा, पुन्हा खुर्ची, या वेळी लाकडी. सरबत बर्फातलं. नळी सरळ. कुठल्याच सल्ल्याला नाही म्हणायची हिंमत उरली नव्हती. गाव आलं होतं, पण मुख्यतः देव पुन्हा हसतो का ते बघायला. चमोयने आपली शेगडी थेट मैदानातच आणून मांडली होती.

दुसऱ्या रिळात जांभळा कड्यावर चढला आणि त्याने हसायला तोंड वासलं. लामदुआनने कागद बाजूला ठेवले. हसणारं तोंड आणि रडणारं तोंड पडद्यावर सारखंच दिसतं, हे वीस वर्षांच्या कामात तिला पक्कं ठाऊक झालं होतं. जांभळा चारही कर्ण्यांतून हुंदका देऊन म्हणाला, “विझवीन! सूर्यच विझवीन! म्हणजे कोणी कोणाला दिसायलाच नको!”

“अरे पण का?” म्हातारीने ठरल्याप्रमाणे विचारलं.

“सांगतो ना, आजी! हिरवादादा पाणी आणायला गेला, तेव्हा नळीचं दुसरं टोक कोणी धरलं होतं? मी. शिंग कोणी फुंकलं? मी. पहिला भाग आठवा, मागे डावीकडून तिसरा, हातात बादली, तो मी. सगळं जग म्हणालं, हिरव्याने काय काम केलं! बादलीचं नाव कोणी काढलं?”

म्हातारी हळूच म्हणाली, “हां. असं आहे होय.”

तिथेच थांबली असती तरी पुष्कळ झालं होतं. पण एकदा घसा मोकळा झाला की तो कोणाचं ऐकत नाही. पाचव्या रिळात जांभळा सूर्य विझवायच्या दांड्याला हात घालून उभा राहिला, तेव्हा लामदुआनच्या डोळ्यांसमोर पडदा राहिलाच नाही. “आणि दादा शेजारीच राहतो,” जांभळा म्हणाला. “वर्ष झालं. रोज बघतो माझ्याकडे. रोज गप्पा मारतो. एकदा तरी म्हणाला का, की बादली चांगली धरलीस? नाही! आपला बसतो आणि केळी भाजतो!”

दोनशे माना एकदम चमोयकडे वळल्या.

चमोय शेगडीमागून उठली. “लामदुआन! हे माझ्याबद्दल चाललंय का?”

“ज्याला लागेल त्याच्याबद्दल,” जांभळा कर्ण्यातून म्हणाला.

“मग तोंड नव्हतं का तुला, सांगायला?”

“सहा तोंडं होती! सगळी तुझ्या सिनेमाला लागली!”

“पा!” सनान प्रोजेक्टरमागून ओरडला. “नायक! नायक केव्हाचा बोलतोय!”

खरंच, पडद्यावर नायक दांड्यापर्यंत पोचला होता आणि बंदूक रोखून मिनिटभर नुसता ओठ हलवत होता. लामदुआनने गडबडीत त्याचा भारदस्त आवाज लावला, “थांब जांभळ्या! आधी त्यांना काय म्हणायचंय ते ऐकून घे.”

चमोय शेगडीच्या पुढे आली. तिच्या हातात चिमटा होता, त्याच्या टोकाला अर्धं भाजलेलं केळं.

“मला वाटलं, तुला माहीत आहे,” ती म्हणाली. “सगळ्या गावाला माहीत होतं आवाज तुझा आहे. माहीत असलेलं काय सांगायचं, असं वाटलं मला.” मग आवाज खाली आणून, पण मैदान इतकं शांत होतं की सगळ्यांना ऐकू गेलं, “ती पोर दगड चाटते ना, तिथे मी इतकी रडले की दुसऱ्या दिवशी गाड्यावर आठवून आठवून अख्खी फणी करपवली केळ्यांची. तुला म्हणाले, कोळसा ओला होता. लाज वाटली मला.”

पडद्यावर नायकाने गोळी झाडली. जांभळा दांड्यावरून सुटला, गरगरत खाली आगीच्या खाईकडे निघाला, आणि मूळ कागदावर तिथे ‘मी परत येईन’ असं लिहिलेलं होतं. पण कर्ण्यातून तो अगदी समाधानाने म्हणाला, “जाऊ दे. आता पडायला माझी काही हरकत नाही.”

टाळ्या अशा वाजल्या की कालव्यापलीकडचे कुत्रे भुंकायला लागले. जांभळा मेला म्हणून दोन बायका चक्क डोळे पुसत होत्या. नायक शेवटी काय बोलला, ते कोणीच ऐकलं नाही.

लुंग हेंगने फोडी टाकल्या. एक सपाट, एक फुगीर. पुन्हा टाकल्या. एक सपाट, एक फुगीर. लामदुआनने वीराचा दंड इतका घट्ट धरला होता की त्याने तोंड वाकडं केलं. तिसऱ्यांदा एक फोड सपाट पडली आणि दुसरी घरंगळत जाऊन थेट चमोयच्या पायाशी, शेगडीच्या पत्र्याखाली शिरली.

“हलू नकोस!” लुंग हेंग ओरडला. “कोणी हात लावायचा नाही!”

पत्रा तापलेला, चमोयचं पाऊल त्याला जवळजवळ टेकलेलं. पण ती दगडासारखी उभी राहिली. सत्तर वर्षांचा लुंग हेंग जमिनीवर पोटावर आडवा झाला, टॉर्च मागवला, एक डोळा मिटला आणि बराच वेळ आत बघत राहिला.

“फुगीर,” तो म्हणाला. “होकार!”

“मग उचला ना लवकर,” चमोय म्हणाली, “पाय भाजला माझा!”

सोमवारी वीरा कागद घेऊन वरच्या मजल्यावर गेला आणि सव्वानऊला परत आला. फोटोत त्याचा एकच कान दिसत होता. सरकारला दोन्ही लागतात.

त्या दिवशी बाजारात गाड्यांपुढे उभं राहायला जागा नव्हती. चमोयच्या पायाला पट्टी होती आणि आवाजाला सुट्टी नव्हती. येईल त्याला ती शेजारच्या गाड्याकडे चिमटा रोखून सांगत होती, “आवाज हिचा बरं का! पहिला भागही हिचाच! सगळ्यांचे आवाज, कुत्रासुद्धा! आमच्या लामदुआनसारखं कोणी नाही या जिल्ह्यात!” सकाळपासून तिने हे चाळीसएक जणांना सांगितलं असेल. लामदुआन खाली मान घालून आप्पे उलटत होती, आणि त्यातले बरेचसे वेळेवर उलटले जात नव्हते.

मग चमोय घोटभर पाणी प्यायली, पदर सारखा करावा तसा तिने खांद्यावरचा पंचा सारखा केला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला म्हणाली, “पण आवाजाने काय होतं? आवाज आधीच्या खेपेलाही होताच की. देव हसला! खलनायकाला कारण लागतं, कारण. आणि ते कारण कोण होतं?” तिने चिमटा स्वतःच्या छातीला लावला. “मी!”

गिऱ्हाईक थक्क होऊन चमोयकडे बघत राहिलं. लोक जमले. कोणीतरी मागून म्हणालं, “वा, पा चमोय!”

लामदुआनने चमचा खाली ठेवला, सहाही तोंडं एकदम उघडली, आणि मग त्यांतलं एकच वापरून, जांभळ्याच्या खर्जात म्हणाली, “चमोय, केळी करपली.”